परदेशी पोस्टकार्डं आणि तिकिटं: पाठवायची कशी, जपायची कशी

परदेशातून आलेल्या पोस्टकार्डावरचं तिकीट कापून किंवा भिजवून काढणं, हे नव्या संग्राहकाच्या हातून होणारं सगळ्यात मोठं नुकसान. सुटं केलं की ते तिकीट तशाच हजारो सुट्या तिकिटांपैकी एक होतं, आणि मागे उरलेल्या कार्डाला कुणी विचारत नाही. कार्ड, तिकीट, त्यावरचा शिक्का, पत्ता आणि मजकूर ही सगळी मिळून एकच वस्तू आहे. कार्ड कोणत्या तारखेला, कुठून कुठे, किती टपालखर्चात गेलं हे या पाच गोष्टी जागच्या जागी असतील तरच वाचता येतं. म्हणून पाठवताना समोरच्याला अख्खी, सुवाच्य वस्तू मिळेल असं बघायचं आणि आपल्याकडे आलेली वस्तू अख्खीच ठेवायची. सुट्या तिकिटांची हौस पाकिटांवर भागवता येते. ती कृती पुढे दिली आहे.

माणसं कशी गाठायची

याच्या दोन रीती आहेत. पहिली चिठ्ठी काढल्यासारखी. पाउलो मागाल्याइश यांनी २००५ साली पोर्तुगालमध्ये सुरू केलेली पोस्टक्रॉसिंग ही इंटरनेटवरची, या प्रकारातली सगळ्यात परिचित व्यवस्था. खातं उघडून स्वतःचा पत्ता नोंदवला की तुम्हाला एका सभासदाचा पत्ता आणि एक कार्ड-क्रमांक मिळतो. दोन अक्षरी देशसंकेत, आडवी रेघ आणि आकडा असं त्याचं रूप असतं. तो क्रमांक कार्डावर लिहून कार्ड टाकायचं. समोरच्याने कार्ड मिळाल्यावर क्रमांक नोंदवला की तुमचा पत्ता तिसऱ्याच कुणाला तरी दिला जातो. ज्याला पाठवलं त्याच्याकडून कार्ड येणार नाही, हे आधीच लक्षात ठेवलेलं बरं; पहिल्या महिन्यातला निम्मा हिरमोड त्यामुळेच होतो.

नव्या सभासदाला एका वेळी पाच कार्डं वाटेत ठेवता येतात. पाचही एकदमच टाकावीत. एकेक टाकत बसलं आणि त्यातलं एक रेंगाळलं तर सगळंच थंडावतं. ६० दिवसांत नोंद झाली नाही तर ते कार्ड मुदतबाह्य धरून तुमची जागा मोकळी केली जाते, पण पाठवल्यापासून वर्षभरात कधीही ते पोचलं तरी नोंदवता येतं. त्यामुळे दोन महिने झाले म्हणून कार्ड गहाळ झालं असं समजू नये. क्रमांक दोन ठिकाणी लिहावा, एकदा मजकुराच्या वर आणि एकदा खाली. तिकिटाजवळ मात्र लिहू नये, कारण शिक्का नेमका त्यावर बसतो आणि पोचलेलं कार्ड बेवारशी होतं. क्रमांक वाचताच आला नाही तर समोरचा माणूस शोधाशोध करून थकतो, तुमची नोंद अडते.

दुसरी रीत थेट अदलाबदलीची. इथे दोघं एकमेकांना ओळखतात, निदान ठरवून पाठवतात. त्यामुळे आधी बोलून घ्यायच्या गोष्टी बऱ्याच असतात: किती कार्डं, कोणत्या विषयाची, कोरी की लिहिलेली, उघडी की पाकिटातून, आणि टाकायची कधी. दोघांनी एकाच दिवशी टाकणं हा सगळ्यात सरळ करार. अनोळखी माणसाशी पहिली देवाण एका कार्डाचीच असावी. दहा-वीस कार्डांचा व्यवहार दोनतीन फेऱ्या सुखरूप झाल्यावर. कोरी कार्डं पाकिटात घालून पाठवणं स्वस्त पडतं आणि ती कोपरेही न दुमडता येतात, पण त्यांच्यावर प्रवासाची एकही खूण नसते. चित्रासाठीच जमवणाऱ्याला ती चालतील. बाकीच्यांनी उघड्या, तिकीट लावलेल्या कार्डाचा आग्रह धरावा आणि एखाददुसरा वाकलेला कोपरा खुशाल सोसावा.

दोन्ही रीतींमध्ये समोरच्याने स्वतःबद्दल लिहिलेलं वाचायचं. त्याने दीपगृहं मागितली आणि तुमच्याकडे दीपगृह असेल तर उत्तमच. चाळीस कलमांची यादी दिली असेल तर मात्र त्यातलं एखादं कलम जुळणं पुरे. सगळ्या यादीला पुरं पडण्यासाठी कुणी बांधील नाही.

कार्ड कसलं घ्यावं

जागतिक टपाल संघाने पोस्टकार्डासाठी ठरवलेलं किमान माप ९० × १४० मिमी आणि कमाल माप १२० × २३५ मिमी आहे. बाजारात सर्रास मिळणारं ए६ कार्ड १०५ × १४८ मिमीचं, आणि चार बाय सहा इंची कार्ड साधारण १०२ × १५२ मिमीचं. दोन्ही यात आरामात बसतात. चौरस, गोल किंवा एखाद्या आकारात कापलेली कार्डं दिसायला गोड असतात, पण यंत्रातून नीट जात नाहीत आणि बऱ्याच देशांत त्यांना पत्राचा दर लागतो. पोस्टकार्डाच्या दराचं तिकीट लावून ती टाकली तर परत येतात, नाहीतर घेणाऱ्याकडून फरक वसूल होतो. कमी तिकिटाच्या टपालावर ‘टी’ अक्षराचा शिक्का मारायची जुनी आंतरराष्ट्रीय रीत आहे. असा शिक्का असलेलं कार्ड संग्रहात छान दिसतं, पण ते मिळवण्याचा खर्च दुसऱ्यावर टाकू नये.

कागद चौरस मीटरला २५० ते ३५० ग्रॅम वजनाचा असावा. ३०० ग्रॅमच्या कागदाचं ए६ कार्ड साधारण पावणेपाच ग्रॅम भरतं. घरी छापायचं असेल तर पातळ फोटो-कागद टाळा. तो वर्गवारीच्या यंत्रात वळतो आणि कोपऱ्यांना पदर सुटतात. दोन पातळ कागद डिंकाने चिकटवून केलेलं कार्ड दमट हवेत बोटीसारखं वाकतं. करायचंच असेल तर कोरड्या गोंदकांडीने सगळ्या पृष्ठभागावर, कडेपर्यंत चिकटवा आणि रात्रभर वजनाखाली ठेवा.

खरी परीक्षा मागच्या बाजूच्या मुलाम्याची. दोन्हीकडून चकचकीत असलेल्या कार्डावर शाई वाळत नाही, शिक्का पुसतो, तिकीट सुटतं. घेण्याआधी कोपऱ्यात पेनाने टिंब देऊन दहा सेकंदांनी बोट फिरवून पाहा. फरपटलं तर ते कार्ड फक्त पाकिटातून पाठवण्याच्या लायकीचं.

मागच्या बाजूची आखणी

आधी नुसतं चित्र असलेली कार्डं यायची आणि मागची अख्खी बाजू पत्त्यासाठी राखलेली असे. मजकूर लिहायचा तर चित्राच्या कडेला. ब्रिटनने १९०२ साली मागच्या बाजूचे दोन भाग करायला परवानगी दिली, अमेरिकेने १९०७ साली. तेव्हापासून डावा भाग मजकुराचा, उजवा पत्त्याचा आणि तिकिटाचा. जुनं कार्ड हाती आलं तर मधली रेघ आहे की नाही यावरून त्याच्या वयाचा पहिला अंदाज बांधता येतो.

ए६ कार्डाचा उजवा अर्धा भाग ७४ मिमी रुंद आणि १०५ मिमी उंच. यात काय काय बसवायचं ते मोजून पाहा. वरून ५ मिमी सोडून ३० × ४० मिमीची दोन उभी तिकिटं शेजारी-शेजारी लावली तर ६० मिमी रुंदी आणि ४० मिमी उंची गेली. तळाशी १५ मिमीची पट्टी रिकामी ठेवायची, कारण वर्गवारीचं यंत्र तिथे रेघांचा संकेत छापतं. मधे उरले ४५ मिमी. सात मिमीच्या अंतराने सहा ओळी होतात, आणि बहुतेक पत्ते पाचसहा ओळींचेच असतात. म्हणजे हिशेब जेमतेम जुळतो. तीन किंवा चार तिकिटं लावायची असतील तर ती डाव्या भागात सरकवावी लागतात आणि मजकुराने तेवढी जागा सोडावी लागते. म्हणून क्रम उलटा ठेवायचा: आधी तिकिटं न चिकटवता मांडून पाहायची, त्यांची कड पेन्सिलीने हलकी आखायची, मग पत्ता लिहायचा आणि मजकूर सगळ्यात शेवटी. मजकूर आधी लिहिणाऱ्याची तिकिटं शेवटी पत्त्यावर चढतात.

तळाची पट्टी रिकामी ठेवा म्हटलं तरी मोह होतोच. तिथे लिहिलेल्या शेवटच्या दोन ओळींवर नारिंगी किंवा काळ्या रेघा छापून येतात, काही ठिकाणी तर त्यावर पांढरी चिकटपट्टी लागते. ती पट्टी ओढून काढायला गेलं की शाईसकट कागदाचा थर निघतो. तुमच्याकडे आलेल्या कार्डावर अशी पट्टी असेल तर ती तशीच राहू द्या. तीही प्रवासाचाच भाग आहे.

पेन बॉलपॉइंट किंवा पाण्याने न पुसणारं, बारीक टोकाचं घ्या. शाईचं पेन आणि जेल पेन पावसात वाहतात. निदान पत्ता तरी पक्क्या शाईनेच असावा.

पत्ता

पत्त्याची शेवटची ओळ म्हणजे देशाचं नाव, रोमन लिपीत, सगळी मोठी अक्षरं. ही ओळ तुमच्या देशातल्या टपाल खात्यासाठी असते. वरचा सगळा पत्ता तिकडचा पोस्टमन वाचणार, त्यामुळे तो जपानी, रशियन किंवा अरबी लिपीत असला तरी काही बिघडत नाही. उलट तो तसा दिला असेल तर छापून चिकटवणंच उत्तम. न कळणारी अक्षरं बघून-बघून काढली की एखादी रेघ हमखास चुकते. ओळींचा क्रम समोरच्याने दिला तसाच ठेवा. घरक्रमांक रस्त्याच्या नावानंतर येणं, पिनकोड शहराच्या आधी येणं हे अनेक देशांत बरोबरच असतं. आपल्या सवयीने ते सुधारायला जाऊ नका.

आकड्यांवर कार्डं अडतात. युरोपात बऱ्याच ठिकाणी एकच्या आकड्याला डोक्यावर लांब तिरपी रेघ देतात आणि म्हणून सातच्या आकड्याला मधे आडवी रेघ मारतात. तुम्ही सात बिनरेघेचा काढला तर तो तिकडे एक वाचला जाऊ शकतो. देवनागरी आकडे पत्त्यात अजिबात नकोत. आपला चार बाहेरच्याला आठ दिसतो आणि आपला एक नऊसारखा. मजकुरातली तारीखही महिन्याचं नाव अक्षरांत लिहून द्या. ४/५ हा कुणाला एप्रिल वाटतो, कुणाला मे.

हवाई टपालाची निळी चिठ्ठी किंवा हाताने लिहिलेले ‘पार आव्हियाँ’ (PAR AVION, म्हणजे विमानाने) हे शब्द पत्त्याच्या डाव्या अंगाला, वरच्या बाजूला. फ्रेंच ही जागतिक टपाल संघाची अधिकृत भाषा असल्याने हे दोन शब्द सगळीकडे चालतात. अर्थात तेही रोमन लिपीत. टाकण्याआधी त्या देशाची टपालसेवा चालू आहे की स्थगित, हे आपल्या टपाल खात्याच्या यादीत पाहून घ्या. स्थगित असेल तर कार्ड महिनोन्महिने पडून राहतं किंवा परत येतं.

मजकुराबद्दल फार सांगण्यासारखं नाही. नुसतं ‘शुभेच्छा’ लिहिलेलं कार्ड मात्र मिळालं न मिळालं सारखंच. चित्रात काय आहे हे एका वाक्यात, लावलेलं तिकीट कशावर आहे हे दुसऱ्यात, आणि आपल्या लिपीत एक ओळ लिहून खाली तिचा अर्थ. एवढ्यात डावा भाग भरतो.

तिकीट आणि शिक्का

एकाच मोठ्या किमतीच्या तिकिटाऐवजी दोनतीन वेगळी चित्रतिकिटं लावली तर घेणाऱ्याला आनंद होतो. बेरीज मात्र नेमकी हवी. कमी पडली तर अडचण, जास्त झाली तर टपाल-इतिहास जमवणारे नाराज, कारण त्यांना त्या काळचा अचूक दर दाखवणारं कार्ड हवं असतं. कडेला फाटलेलं, एकदा शिक्का बसलेलं किंवा चलनातून बाद झालेलं तिकीट लावू नका.

डिंकाचं तिकीट ओल्या स्पंजाने हलकं भिजवून लावा. जिभेने अर्धवट ओलं होतं आणि कोपरे उचलतात. खूप भिजलं तर डिंकच धुऊन जातो. गुळगुळीत कार्डावर ते टिकत नसेल तर कडांना गोंदकांडीचा पातळ हात फिरवा. वरून चिकटपट्टी लावणं हा उपाय नव्हे. शिक्क्याची शाई पट्टीवर बसते आणि तिकीट पुन्हा वापरता येईल असं होतं, म्हणून अनेक टपाल खाती असं तिकीट ग्राह्य धरत नाहीत. शिवाय काही वर्षांत पट्टीचा गोंद पिवळा पडून कागदात मुरतो तो वेगळाच.

शिक्का पेटीत टाकलेल्या कार्डावर कसा बसेल ते नशिबावर. यंत्राचा असेल तर लांब लाटा, काही ठिकाणी शाईची फवारणी, आणि कधी पेनाची फुली. स्वच्छ गोल शिक्का हवा असेल तर कार्ड खिडकीवर द्या आणि हाताने शिक्का मारायची विनंती करा. तारीख आणि गावाचं नाव निम्मं तिकिटावर, निम्मं कार्डावर यावं असं सांगा. म्हणजे तिकीट रद्दही होतं आणि शिक्का वाचताही येतो. चकचकीत कार्डावरची शिक्क्याची शाई वाळायला वेळ लागतो. त्यावर लगेच दुसरं कार्ड ठेवलं की दोन्ही खराब. विशेष शिक्के ठरावीक दिवशीच मिळतात. ९ ऑक्टोबर, म्हणजे १८७४ साली टपाल संघ स्थापन झाल्याचा दिवस, अनेक देशांत साजरा होतो. १ ऑक्टोबर हा जागतिक पोस्टकार्ड दिन. १८६९ साली याच तारखेला ऑस्ट्रिया-हंगेरीत पहिलं अधिकृत पोस्टकार्ड विक्रीला आलं.

ज्यांना कार्ड आणि तिकीट दोन्ही सारखंच प्रिय त्यांनी मॅक्झिमम कार्डाकडे वळावं. इथे तिकीट चित्राच्या बाजूवर, एकच लावायचं, आणि कार्डाचं चित्र, तिकिटाचा विषय आणि शिक्क्याचं ठिकाण व तारीख यांचा मेळ घालायचा. तिकीट एखाद्या पुलावर असेल तर कार्डही त्याच पुलाचं आणि शिक्का त्या गावचा. प्रदर्शनाच्या नियमांनुसार कार्डाचा किमान ७५ टक्के भाग चित्राने व्यापलेला हवा. तिकिटाचीच मोठी प्रत छापलेलं कार्ड चालत नाही.

पाकिटातून तिकिटं पाठवताना

आधी हिशेबाची पद्धत ठरवा. तिकिटास तिकीट हा सगळ्यात सोपा करार, फक्त कोऱ्यास कोरं आणि वापरलेल्यास वापरलेलं, मोठ्यास मोठं हे आधीच बोललेलं असावं. दुसरी पद्धत सूचीमूल्याची, म्हणजे तिकिटांच्या छापील सूचीत दिलेल्या किमतीची. स्कॉट, स्टॅन्ली गिबन्स, मिशेल, इव्हेर यांपैकी दोघांनी एकच सूची वापरायची. वेगवेगळ्या सूचींचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, त्यांचे क्रमांकही वेगळे. सूचीमूल्य हा विक्रीचा भाव नव्हे. दोन ढिगारे तोलायचा काटा म्हणून ते वापरायचं.

तिकिटं ग्लासीनच्या, म्हणजे गुळगुळीत अर्धपारदर्शक कागदाच्या, छोट्या पाकिटात घालायची, ते पाकीट दोन ताठ पुठ्ठ्यांच्या मधे, आणि सगळं मिळून टपालाच्या पाकिटात. अनेक देशांत पत्रदराचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा असतो. ए६ कार्ड मावेल असं सी६ पाकीट सुमारे ४ ग्रॅम, ए६ मापाचे ३०० ग्रॅमचे दोन पुठ्ठे साडेनऊ, ग्लासीन एक, चिठ्ठी सव्वा. उरलेल्या चारेक ग्रॅममध्ये कागद सोडवलेली मध्यम आकाराची तीसेक तिकिटं बसतात. कागदासकट कापलेली पाठवली तर त्याच्या निम्मीही नाहीत. जाडी ५ मिमीच्या आत ठेवा. लहान पत्राची तीच आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे, त्यापुढे दर उडी मारतो. ग्लासीन पुठ्ठ्याला चिकटवू नका, नाहीतर उघडताना तिकिटासकट फाटतं. पुठ्ठ्याला कागदी पट्टीने एका टोकाशी अडकवलं तरी ते घसरत नाही.

नुसत्या पत्राला सीमाशुल्काचा कागद लागत नाही, पण अदलाबदलीची तिकिटं ‘वस्तू’ धरली जाऊ शकतात. २०२१ पासून वस्तू असलेल्या आंतरराष्ट्रीय टपालाची माहिती इलेक्ट्रॉनिक पद्धतीने आधी पोचवणं आवश्यक झालं आहे. टाकण्याआधी खिडकीवर विचारा आणि सांगितलं तर सीएन २२ हा छोटा कागद भरून लावा, ‘संग्रहासाठी वापरलेली टपाल तिकिटं’ असं स्पष्ट लिहून. मौल्यवान काही असेल तर नोंदणीकृत टपाल. आणि पाकिटावर ‘दुर्मिळ तिकिटं’ असं लिहायचं नाही, हे सांगायची खरं तर गरज नसावी.

पाकिटावरचं तिकीट सोडवणं

पाकीटही आधी नीट पाहा. शिक्का सुवाच्य असेल, तिकिटं वेगळी असतील, नोंदणीची चिठ्ठी असेल तर ते अख्खंच ठेवा. उरलेल्यांसाठी ही कृती.

तिकिटाभोवती सेंटीमीटरभर कागद ठेवून कापा. तिकिटाच्या कडेचे दाते कात्रीखाली येता कामा नयेत. रंगीत पाकिटांचे तुकडे वेगळे काढा, लाल आणि हिरवे तर विशेष करून. त्यांचा रंग पाण्यात उतरला की बाकीची तिकिटं गुलाबी होतात. पसरट भांड्यात खोलीच्या तापमानाचं पाणी घ्या आणि तुकडे चित्र वर करून तरंगत सोडा. गर्दी करू नका. पंधरा-वीस मिनिटांत तिकीट आपसूक सरकू लागतं. सरकत नसेल तर आणखी दहा मिनिटं. ओढायचं नाही. ओला कागद कमालीचा नाजूक असतो आणि ओढलं की मागून त्याचा पापुद्रा निघून ती जागा पातळ होते. सुटलेलं तिकीट दुसऱ्या भांड्यातल्या स्वच्छ पाण्यात बुडवून मागचा डिंक बोटाने हलकेच पुसा. डिंक राहिला तर वाळताना तिकीट टीपकागदाला पुन्हा चिकटतं. मग चित्र खाली करून टीपकागदावर अर्धा तास, आणि किंचित ओलसर असतानाच दोन कोऱ्या टीपकागदांत घालून जड पुस्तकाखाली एक दिवस. पूर्ण वाळू दिलं तर सुरळी होते.

सगळी तिकिटं मात्र पाण्याला दाद देत नाहीत. २००० नंतरची अनेक स्वचिकट तिकिटं तासभर भिजवूनही ढिम्म राहतात, कारण त्यांचा गोंद पाण्यात विरघळणारा नसतोच. ही कागदासकट, चारी बाजूंनी तीनेक मिमी कड सोडून कापून ठेवणं सगळ्यात शहाणपणाचं. लायटरमधलं इंधन मागून थेंबाथेंबाने टाकून ती सोडवता येतात आणि चिकटपणा शंखजिऱ्याच्या पावडरीने घालवता येतो, पण ते भडका घेणारं द्रव्य आहे. उघड्या खिडकीजवळ, ज्योतीपासून दूर, आणि आधी एखाद्या फालतू तिकिटावर. काही जुन्या तिकिटांना पाणी लागू देऊ नये. १८८३-८४ ची ब्रिटिश जांभळी आणि हिरवी तिकिटं मुद्दाम कच्च्या शाईत छापली होती, शिक्का पुसून पुन्हा वापरणाऱ्यांची फसगत व्हावी म्हणून. आज ती भिजवणाऱ्या संग्राहकाची होते.

ओळख आणि तपासणी

तिकीट चिमट्याने उचला, बोटाने नाही. चिमटा पसरट, गुळगुळीत टोकांचा हवा; औषधाच्या पेटीतल्या चिमट्याला आतून खाचा असतात आणि त्या कागदावर उमटतात.

देश ओळखायला तिकिटावरचं रोमन लिपीतलं नाव पुरतं, फक्त ते त्या देशाच्या स्वतःच्या भाषेतलं असू शकतं. हेल्वेतिया म्हणजे स्वित्झर्लंड, सुओमी म्हणजे फिनलंड, मग्यार दिसलं की हंगेरी, ह्रवात्स्का म्हणजे क्रोएशिया, एरे म्हणजे आयर्लंड. नावच नसेल आणि राजा-राणीचं डोकं असेल तर ब्रिटन. १८४० साली पहिलं चिकटतं तिकीट काढणाऱ्या या देशाला नाव न छापायची सूट अजून आहे.

एकसारखी दिसणारी दोन तिकिटं दात्यांवरून वेगळी ठरतात. दाते मोजायची पट्टी २ सेंटीमीटरमधली छिद्रं सांगते. १४ × १३½ असं लिहिलं तर पहिला आकडा आडव्या कडेचा, दुसरा उभ्या. काळ्या कागदावर तिकीट पालथं ठेवून तिरप्या उजेडात पाहिलं की पातळ झालेली जागा, घडी, टाचणीचं भोक सगळं उघडं पडतं. अदलाबदलीला पाठवण्याआधी हीच तपासणी आपल्या तिकिटांची करा. दाता तुटलेलं तिकीट भेट म्हणून चालेल, मोजणीत नाही.

एका कोपऱ्यात अगदी नीटस पाव वर्तुळाचा शिक्का आणि मागे डिंक शाबूत, असं तिकीट दिसलं तर ते कधी टपालात गेलंच नाही. संग्राहकांना विकण्यासाठी छापतानाच त्याच्यावर शिक्का मारलेला असतो. काही भूभागांच्या नावाने निघालेली तिकिटं तर कुठल्याही टपाल खात्याची नसतात. त्यावर उपाय म्हणून टपाल संघाने २००२ पासून अधिकृत तिकिटांना क्रमांक देणारी नोंदवही सुरू केली. सहभागी देशांची नवी तिकिटं तिच्यात तपासता येतात.

जपणूक

प्लास्टिकमध्ये पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टर चालतं, पीव्हीसी नाही. पीव्हीसी मऊ ठेवण्यासाठी घातलेली द्रव्यं हळूहळू बाहेर येतात, कप्पा चिकट होतो आणि छपाई त्याला चिकटते. उघडताच न्हाणीघराच्या नव्या प्लास्टिक पडद्यासारखा वास आला तर तो अल्बम परत करा. स्वतः चिकटणाऱ्या पानांचे फोटो-अल्बम त्याहून वाईट.

स्टॉकबुक, म्हणजे तिकिटं पट्ट्यांमागे खोचून ठेवायची वही, उभं ठेवा. आडवी रास केली की वजनाने तिकिटं पानाला चिकटतात, विशेषतः डिंक असलेली कोरी. कोऱ्या तिकिटांना कागदी हिंज (तिकीट पानाला अडकवायची डिंक लावलेली छोटी पट्टी) लावू नये, वापरलेल्यांना चालतं. पोस्टकार्डं आम्लमुक्त खोक्यात उभी, विषयवार किंवा देशवार, मधे पुठ्ठ्याचे दुभाजक घालून. इतकी गच्च नकोत की काढताना कोपरे घासतील, इतकी सैलही नकोत की वाकतील. रबरबँड कडेला खाच पाडतो आणि वितळल्यावर डाग सोडतो. लॅमिनेशन परत काढता येत नाही, त्यामुळे तो विचारच नको.

हवेतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास असावी. त्याहून बरीच वर राहिली तर बुरशीचे तपकिरी ठिपके पडतात आणि डिंक सुटतो. खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवता येतात, पण त्या वेळोवेळी तापवून पुन्हा कोरड्या कराव्या लागतात. भिजलेली पुडी काहीच करत नाही. उजेडात टांगलेल्या कार्डाचा आधी पिवळा आणि किरमिजी उडतो, मागे उरतं निळसर चित्र. भिंतीवर लावायचं तर प्रत छापून लावा.

भिजून आलेलं कार्ड उन्हात ठेवू नका, एका बाजूने आकसून वळतं. चित्र वर करून टीपकागदावर सावलीत बहुतांशी वाळू द्या, मग दोन टीपकागदांत वजनाखाली. दोन चकचकीत कार्डं एकमेकांना चिकटली असतील तर कोरड्या अवस्थेत सोलू नका. मुलामा एकावरून सुटून दुसऱ्यावर जातो.

नोंद ठेवताना पेन नको, मऊ पेन्सिलीने मागे एका कोपऱ्यात अनुक्रमांक घाला. बाकीचा तपशील वहीत किंवा तक्त्यात: आल्याची तारीख, शिक्क्याची तारीख, देश, कार्ड-क्रमांक, तिकिटं. दोन तारखांमधलं अंतर वर्षभर लिहीत गेलात की कोणत्या देशाचं कार्ड कधी गहाळ मानायचं याचा स्वतःचा अंदाज तयार होतो. कार्डाच्या दोन्ही बाजू ३०० डीपीआयवर स्कॅन करा, सुटी तिकिटं ६०० वर म्हणजे दाते मोजता येतील. कुणाला दाखवण्यासाठी मागच्या बाजूचा फोटो टाकायचा असेल तर आधी आपला पत्ता, पाठवणाऱ्याचं नाव आणि तळाचा रेघांचा संकेत झाका.